शिक्षा मत करिए

ती घटना आठवायला मला आजही डोळे मिटावे लागत नाहीत. भाजी निवडताना येते, बँकेच्या रांगेत उभा असताना येते, आणि आली की वाटतं आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगावी. म्हणून आज बसलोच लिहायला. नावं कुणाचीच देणार नाही. त्या घरातली माणसं अजून आहेत आणि त्यांना त्यांचं आयुष्य आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी उत्तर प्रदेश पोलिसात सब-इन्स्पेक्टर, वय चौतीस, बनारसच्या जुन्या शहरातल्या एका चौकीचा इनचार्ज. माझं घर ब्रह्माघाटाच्या वर, पिढ्यान्‌पिढ्यांच्या मराठी वस्तीत, चौकीपासून चालत सात मिनिटं. घरी मराठी, चौकीत हिंदी. उंबरा ओलांडला की जीभ बदलायची, आणि इतकी वर्षं बदलत होती की माझ्या ध्यानातही यायचं नाही. अख्खी केस शेवटी त्या उंबऱ्यावर फिरली.

डिसेंबर होता. सकाळी दहाला डाक यायची आणि आमचे दीवानजी, म्हणजे चौकीत लिखापढी करणारे हेड कॉन्स्टेबल, एकेक पाकीट शेकोटीजवळ बसून फोडायचे. त्या दिवशी त्यांनी एक कागद वाचला आणि हसत सुटले.

"साहब, ई सुनिए. 'थानेदार साहब, दुर्गाघाट पर जो वेद पढ़ाने वाले गुरुजी हैं, उनके घर में एक लड़की है. वह चोरी की है. उसकी असली माँ ढूँढ रही होगी. आप पता लगाइए. उन दोनों को शिक्षा मत करिए.' शिक्षा मत करिए? पढ़ाई-लिखाई बंद करावे के कहत हौ का?"

सगळे हसले. मीही हसलो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. चौकीत बसून मीही तेच वाचलं. कुणा अर्धवट शिकलेल्याचं काम, असं म्हणून कागद फाईलला लावला. खाली नाव नव्हतं, आणि बिननावाच्या चिठ्ठ्या आमच्याकडे आठवड्याला दोन-तीन यायच्याच.

आठ दिवसांनी दुसरी आली. तोच मजकूर, तीच शेवटची ओळ. अक्षर मात्र बघत राहावं असं. ओळीला ओळ लागून, जणू कुणी दोरी धरून लिहिलंय.

एरवी तीही फाईलला गेली असती. पण त्याच महिन्यात शहरात लकड़सुंघव्याची अफवा उठली होती. लकड़सुंघवा म्हणजे पोरांना लाकूड हुंगवून बेशुद्ध करणारा आणि पळवणारा माणूस. कुणी पाहिलेला नसतो, पण दर काही वर्षांनी तो येतो. एका गल्लीत लोकांनी एका निरुपद्रवी भिकाऱ्याला बदडलं होतं. आमच्या भागाचे मोठे साहेब, सीओ साहेब, रोज विचारायचे, बच्चा चोरी का कुछ मिला? आणि नेमकी तिसरी चिठ्ठी थेट त्यांच्याच नावाने गेली.

त्यांनी मला बोलावलं. "आप मराठी हैं, वो लोग भी मराठी हैं. आपसे बात करेंगे. जाइए."

गुरुजींना मी तोंडओळखीने जाणत होतो. पन्नाशीचे, बारीक, पाठशाळेत वेद शिकवणारे. बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची. मुलगी अकरा वर्षांची. तिचं घरचं नाव लिहीत नाही, तिला बेबी म्हणू. त्या काळात दर तिसऱ्या घरात एक बेबी होती, त्यामुळे शोधून सापडणार नाही.

मला आधी वाटलं, हे भाऊबंदकीचं काम. कर्मकांड करणाऱ्यांत यजमानांवरून कुरबुरी असतातच. म्हणून आधी गुरुजींच्या एका जुन्या विरोधकाला गाठलं. घाटावर पाट मांडून बसले होते. चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती हातभर लांब धरून वाचली आणि म्हणाले, "अहो इन्स्पेक्टर, मला त्या माणसावर लिहायचं असतं तर संस्कृतात लिहिलं असतं. म्हणजे तुम्हाला कळलंच नसतं, आणि त्याला बरोबर झोंबलं असतं."

बरोबर होतं त्यांचं. तो दरवाजा बंद.

मग दुपारी गुरुजींच्या घरी गेलो. सोबत दीवानजी आणि एक महिला शिपाई. पोलीस दारात बघून काकूंच्या हातातली परात तशीच राहिली. बेबीने मात्र तिघांना पाणी आणून दिलं. मग चहा. मला विचारलं, "काका, साखर किती?" दीवानजींना हिंदीत विचारलं. महिला शिपाईला बसायला पाट दिला. मी इतकी वर्षं लोकांच्या घरात शिरलोय, पोलीस आल्यावर एवढी नीट वागलेली मुलगी पाहिली नव्हती.

"फार शहाणी आहे," काकू म्हणाल्या. घाबरल्या होत्या तरी आवाजात अभिमान होता. "कधी हट्ट नाही. ताटात पडेल ते खाते. अकरा वर्षांत एकदा रडून काही मागितलं नाही हिने."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. तिथेच चुकलो.

गुरुजींना विचारलं, मुलगी तुमची?

"आमच्याच पोटची," ते म्हणाले. फार पटकन म्हणाले.

"जन्माचा दाखला?"

"घरीच झाली. याच घरात."

"सुईण कोण होती?"

"वारली."

"जिन्याखालच्या शेजाऱ्यांना विचारलं तर तेही हेच सांगतील?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. वळून पाहिलं तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बेबी रिकामे कप धरून उभी होती. तोंडावर काहीसुद्धा नाही.

एक गोष्ट मी नोकरीत शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस बहुतेक वेळा पोलिसाच्या तोंडाकडे बघतो, पटलं का ते बघायला. हा माणूस दुसऱ्याच कुणासाठी खोटं बोलत होता. पण तेव्हा मी एवढंच टिपलं की तो खोटं बोलतोय.

मग झडती. देवघर, माळा, पोथ्यांची कपाटं, काही नाही. बेबीच्या खाटेखाली मात्र महिला शिपाईला एक कापडी पिशवी मिळाली. दोन फ्रॉक, कंगवा, पंचा, शाळेचं गुणपत्रक, डब्यात चार शेंगदाण्याचे लाडू. काकूंना ती पिशवी माहीतच नव्हती. दीवानजी माझ्या कानाशी लागले, "साहब, भागने की तैयारी है. लड़की को कहीं और पहुँचाने वाले थे."

मलाही तसंच वाटलं. सगळं जुळत होतं ना. दाखला नाही, सुईण वारलेली, बाप खोटं बोलतो, पिशवी भरून तयार. मी सीओ साहेबांना तसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "कल ग्यारह बजे लड़की को लेकर आइए. मुक़दमा लिखेंगे. जाँच पूरी होने तक बालगृह में रहेगी."

बालगृहात मी मुलं सोडून आलो होतो. जाँच पूरी होने तक म्हणजे कधी सहा महिने, कधी दोन वर्षं. आणि गल्लीत एकदा कळलं की गुरुजींची मुलगी चोरीची, तर त्या अफवेच्या दिवसांत त्या दोघांचं काय झालं असतं, तेही मला दिसत होतं. पण पुरावा होता, हुकूम होता.

संध्याकाळी घरी आलो. जेवायच्या आधी माझी चार वर्षांची मुलगी माझ्या बुटाच्या नाड्या ओढत होती. माझ्या आईने स्वयंपाकघरातून तिला दटावलं, "सोड ते. परत हात लावलास तर शिक्षा करीन हं."

मी एक बूट पायात आणि एक हातात असा तिथेच बसून राहिलो.

शिक्षा करीन. शिक्षा मत करिए.

ती ओळ हिंदी नव्हतीच. अक्षरं हिंदी वाक्यात बसवलेली, पण शब्द आमच्या स्वयंपाकघरातला. चिठ्ठी म्हणत होती, त्या दोघांना दंड करू नका. मी मराठी माणूस, तीनदा वाचली, आणि चौकीत बसून वाचली म्हणून मला कळली नाही.

मग पुढचा विचार धाडकन आला. जो माणूस तक्रार करतो, चोरीचा आरोप करतो, तोच विनवणी करतो की चोरांना काही करू नका. तीनही वेळा करतो. विरोधक असं लिहील? शेजारी लिहील? दुर्गाघाटावर मराठीत विचार करणारं, हिंदी शाळेत जाणारं, दोरी धरल्यासारखं अक्षर असणारं, आणि त्या दोघांवर इतकं प्रेम असणारं कोण आहे?

आणि पिशवी कुणी भरली होती, तेही त्याच सेकंदाला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी एकटाच, साध्या कपड्यात, गुरुजींच्या दारात. बेबी वर गच्चीवर अभ्यास करत होती. मी चिठ्ठी त्या दोघांपुढे ठेवली आणि म्हटलं, "अक्षर ओळखा."

गुरुजींनी पाहिलं आणि भिंतीला टेकले. ते अक्षर त्यांनीच वळणावर आणलं होतं, धुळाक्षरांपासून.

बोलल्या त्या काकू. "दत्तक आहे. रीतसर. तुम्ही काल विचारलंत तेव्हा हे खोटं बोलले, कारण ती जिन्यात होती. आम्ही तिला सांगितलेलं नाही."

"कागद?"

गुरुजी उठले आणि लाल कापडात बांधलेलं एक बासन घेऊन आले. अंत्येष्टीची पोथी. ती पोथी घरात कामाशिवाय कुणी सोडत नाही, अशुभ मानतात, मुलं तर हातही लावत नाहीत. आम्हीही काल नुसती बाजूला सरकवली होती. तिच्या पानांत अकरा वर्षं दत्तकपत्र ठेवलेलं. रजिस्टर केलेलं, शिक्क्यासकट. एवढी जागा शोधली होती लपवायला त्या माणसाने.

हकीकत अशी. महाराष्ट्रातून एक तरुण बाई नवऱ्याच्या अस्थी घेऊन आईबरोबर काशीला आली होती. दिवस गेलेले. उतरली गुरुजींकडेच, कारण गावाकडचे यात्रेकरू त्यांच्याकडेच उतरायचे. इथे येऊन आजारी पडली, बाळंतपण याच घरात झालं. सासरी-माहेरी दोन्हीकडे तिला बाळासकट ठेवून घेणारं कुणी नव्हतं. गुरुजी-काकूंना मूल नव्हतं.

"पण मुलगी दत्तक? तेही होम करून?" मी विचारलं. मला जुन्या घरांतली मतं माहीत होती.

"त्यावरून अर्ध्या घाटाने माझ्याशी बोलणं सोडलं," गुरुजी म्हणाले. "कायद्याला चालतं. माझ्या मनाला चालत होतं. एकच पुरोहित तयार झाले, बालाजी घाटावरचे तात्या."

मग त्यांनी मला दत्तकविधीतली एक गोष्ट सांगितली. पण ती मी तेव्हाच खरी मानली नाही. काल हा माणूस माझ्याशी खोटं बोलला होता. म्हणून त्यांना म्हटलं, तुम्ही घरातच थांबा, आणि तसाच बालाजी घाटावर गेलो. तात्या ऐंशीच्या पुढचे, उन्हात तेल लावून बसलेले. कुणी काही सांगून ठेवलेलं नव्हतं. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, मी उभ्या उभ्या बयान लिहून घेतलं. मग परत दुर्गाघाट. तोपर्यंत नऊ वाजले होते.

बेबी गच्चीवर होती. खाली गंगा, धुकं नुकतं उचललेलं. काकू जिन्याच्या तोंडाशी बसल्या, दिसतील पण ऐकू येणार नाही अशा. मी बेबीसमोर मांडी घातली.

"तुझ्या चिठ्ठ्या मिळाल्या. तिन्ही."

"माझ्या नाहीत."

"बरं. ज्याच्या असतील त्याला सांग, अक्षर फार सुंदर आहे. फक्त दुसऱ्या चिठ्ठीत 'थानेदार' चुकलंय."

"नाही चुकलं. मी डिक्शनरीत..."

ती थांबली. मोठमोठ्या गुन्हेगारांवर चालणारी युक्ती मी अकरा वर्षांच्या पोरीवर वापरली. मला आजही त्याची थोडी लाज वाटते.

मग मीच विचारलं, "तुला हिंदी इतकं छान येतं. 'शिक्षा मत करिए' का लिहिलंस? सजा लिहायचं."

"सजा बाहेरच्यांना होते," ती म्हणाली. "आई-बाबांना शिक्षा."

मी डायरी मिटून बाजूला ठेवली.

मग ती हळूहळू सांगायला लागली. श्रावणातल्या हळदीकुंकवाला कुणी म्हातारी आली होती. हिच्या हनुवटीला हात लावून काकूंना म्हणाली, हीच ना ती आणलेली? काकूंनी पटकन विषय बदलला. ही वाटीतले हरभरे देत होती, देत राहिली. पण शब्द डोक्यात राहिला. आणलेली. कुठून आणलेली? कुणी आणलेली? आईला विचारावं तर आईचं तोंड त्या दिवशी कसं झालं होतं ते पाहिलेलं. बाबांना विचारलं आणि ते म्हणाले, हो, नाहीस आमची, जा परत, तर? म्हणून पिशवी. "कुणी न्यायला आलं तर घाई नको," ती म्हणाली. "लाडू दर रविवारी बदलते. खवट होतात."

"आणि चोरीचं कुठून काढलंस?"

"शाळेत सगळे लकड़सुंघव्याचं बोलत होते. मला वाटलं, तसंच असेल." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "काका, चोरलेली निघाले तर बरं होईल."

"बरं?"

"चोरी हव्या असलेल्या वस्तूची होते ना. चोरलेली असेन तर कुणीतरी शोधत असेल. दिलेली असेन, तर मग मी नको होते."

बारा वर्षं नोकरी झाली होती माझी. खून पाहिले, दंगल पाहिली. पण त्या गच्चीवर ऐकलं तसं कधी काही ऐकलं नव्हतं. एवढंसं डोकं, आणि त्यात हा हिशेब, पाचएक महिने, एकटीने, कुणाला न सांगता. हसत चहा देत. साखर किती विचारत. तिला हवा होता फक्त एक शोध, आणि तो शोध घेणारं ऑफिस कुठलं हे तिने बरोबर ओळखलं होतं. तपास कुणाकडे मागायचा? पोलिसांकडे. तिने मागितला. आणि त्या तपासात आई-बाबा अडकू नयेत म्हणून एक ओळ लिहिली, जी अख्ख्या चौकीने हसण्यावारी नेली.

मी गुरुजींना वर बोलावलं. म्हटलं, मला सकाळी सांगितलंत ते हिला सांगा.

ते तिच्यासमोर बसले. पाठशाळेत पन्नास मुलांसमोर बसणारा माणूस, आज एका मुलीसमोर. काकू उठून जवळ आल्या आणि त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. मग गुरुजींनी सुरुवात केली.

"तुला कुणी चोरलं नाही बेबी. काल मी पोटची म्हणालो, तेही खरं नाही. तू दत्तक आहेस. आता दत्तक म्हणजे काय ते ऐक. दत्तकाच्या विधीत देणारा आपणहून मूल देऊच शकत नाही. घेणाऱ्याला आधी समोर जाऊन, सगळ्यांदेखत, तोंडाने मागावं लागतं. तुमचं मूल मला द्या, असं. मागितल्याशिवाय पुढचा मंत्रच नाही. मी मागितलं."

बेबी ऐकत होती.

"होम मांडला होता. तात्या होते. मी मागितलं, आणि तुझ्या जन्मदात्या आईने तुझ्यावर पदर ओढला आणि म्हणाली, नाही. तिच्या आईने तिला खूप समजावलं. नाहीच. होम उचलला. आठ दिवसांनी परत मांडला. परत मागितलं. परत नाही."

"दोनदा?" बेबी म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज मोठा झाला.

"दोनदा. तिसऱ्या वेळी मी मागितलं तेव्हा तिने मला विचारलं, हिला लिहायला-वाचायला शिकवाल? मी हो म्हटलं. मग तिने तुला तुझ्या या आईच्या मांडीवर ठेवलं."

काकू रडत होत्या. बेबी रडत नव्हती. ती गुरुजींकडे बघत होती, मग म्हणाली, "पण काल तुम्ही खोटं बोललात. हे खरं कशावरून?"

गुरुजींनी मान खाली घातली. उत्तर माझ्याकडे होतं. मी खिशातून तात्यांचं बयान काढलं.

"मी तपासलं. बाबांना घरात बसवून एकटा गेलो. तात्यांना काहीच माहीत नव्हतं मी का आलोय. ते काय म्हणाले ऐक. 'दोनदा मांडलेला होम उचलला. दोन्ही वेळा मी सकाळपासून उपाशी, मला दोन फुकटच्या एकादश्या घडल्या. ती बाई काही हात सोडेना. मी यजमानाला म्हटलं, अरे बाबा, आता मागू नकोस, मला भूक लागते.' दोन साक्षीदार, वेगवेगळे घेतले, दोघांचं एकच. आम्ही पोलीस याला पक्कं मानतो."

तिने ते बयान स्वतः एकदा वाचून परत दिलं. मग म्हणाली, "लिहून द्या."

"काय?"

"मी तक्रार केली होती ना. तिचं उत्तर."

मी डायरीतला कागद फाडला. विचारलं, मराठीत लिहू?

"हिंदीत. मराठीत घरचं वाटेल."

मी लिहिलं: जाँच में पाया गया कि बालिका चोरी की नहीं है. माँगी हुई है. देने वाली माँ ने दो बार मना किया. गवाह दो हैं, बयान अलग-अलग लिए गए. खाली सही, हुद्दा, तारीख. तिने वाचलं. "आणि शिक्षा?" तिने विचारलं. मी शेवटी आणखी एक ओळ टाकली: किसी को कोई शिक्षा नहीं. व्याकरण गेलं खड्ड्यात.

मग बेबी उठून काकूंजवळ गेली. काकूंनी हात पुढे केला, तिने तो धरला नाही. फक्त शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लागेल एवढ्या अंतरावर. तेवढंच. मी सगळं खरं लिहितोय म्हणून हेही लिहितो.

अकराला मी सीओ साहेबांपुढे रजिस्टर्ड दत्तकपत्र आणि तात्यांचं बयान ठेवलं. त्यांनी दोन्ही दोनदा वाचलं. "तो चिट्ठी किसने लिखी?"

"अज्ञात, सर."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांनाही दोन मुली होत्या. "ठीक है. अज्ञात ही लिखिए." चौकीच्या रोजनामच्यात, रोजच्या नोंदवहीत, मी तसंच लिहिलं. सगळ्या नोकरीत जाणूनबुजून खोटी लिहिलेली ती माझी एकच ओळ.

पण त्याने सगळं नीट झालं असं समजू नका. पुढचे महिने त्या घरात वाईट गेले. एवढी शहाणी मुलगी, ती ओरडायला लागली. पाटी फोडली. काकूंना म्हणाली, तू माझी कुणी नाहीस. काकू घाबरून माझ्या घरी आल्या, माझ्या आईजवळ बसून रडल्या. शेवटी त्यांनी तिला विद्यापीठाच्या इस्पितळात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायला सुरुवात केली. त्या काळात गल्लीत लोक त्याला पागलवाली डॉक्टर म्हणायचे, तरी नेलं. बाईंनी सांगितलेलं काकूंनी मला जसंच्या तसं सांगितलं होतं: "इतकी वर्षं ही तुमच्याकडे पाहुणी होती. पाहुणा हट्ट करत नाही. आता भांडते म्हणजे घरची व्हायला लागली. हा प्रश्न ती परत विचारेल. पंधराव्या वर्षी विचारेल, लग्नात विचारेल, स्वतःला मूल झालं की विचारेल. कंटाळू नका. दर वेळी पहिल्यापासून सांगा."

आणि एक दिवस भरदुपारी काकू चौकीत आल्या, धापा टाकत. मी दचकून उभा राहिलो. म्हणाल्या, "साहेब, बेबीने आज भोपळ्याची भाजी ताटाबाहेर ढकलली. म्हणाली, मला नाही आवडत, कधीच आवडत नव्हती. अकरा वर्षं खाऊ घातला हो मी तिला भोपळा." आणि हसत होत्या, डोळे पुसत होत्या, दोन्ही एकदम. दीवानजींनी मला विचारलं, साहब, कद्दू का कोई केस है का? मी म्हटलं, हाँ, सुलझ गया.

या केसने मला काय शिकवलं? एक तर, कुठल्याही घरात मूल फार शहाणं आहे असं ऐकलं की मी सावध होतो. आणलेली, पाळलेली, नात्यात वाढवलेली मुलं, त्यांच्या शहाणपणाखाली बऱ्याचदा एक भरलेली पिशवी असते. त्यांना विचारावं, आणि खरं ते सांगावं. वाईट असलं तरी खरं त्यांना पेलतं. त्यांनी स्वतःशी रचलेलं त्याहून वाईट असतं.

दुसरं मी करायला लागलो ते असं. नंतरही मला बालगृहात मुलं सोडायला जावं लागायचं. कुठे आईच आणून सोडायची, कुठे आजी. मी त्या मुलाच्या कागदावर नियमाच्या रकान्यांशिवाय खाली लिहून ठेवायचो: कोण सोडायला आलं, काय म्हणालं, किती वेळ थांबलं. साहेब लोक विचारायचे, इसका केस से क्या मतलब? मी म्हणायचो, सर, आदत है.

निवृत्त झाल्यावर एक तिशीचा माणूस माझं घर शोधत आला. बालगृहात वाढलेला, आता नोकरीवाला. त्याने स्वतःचा कागद मिळवला होता, खाली माझी सही बघून आला होता. त्यावर माझ्याच अक्षरात होतं: माता फाटक के बाहर पौन घंटा खड़ी रही. तो म्हणाला, "अंकल, बस एक बात पूछनी थी. ये पौन घंटा, अंदाज से लिखा था, या घड़ी देखकर?"

घड़ी देखकर, मी म्हटलं. घड़ी देखकर बेटा.